हेतूवाचून उजेड

दिवाळीचा दिवा लावणाऱ्याला आपण तो कोणासाठी लावीत आहो हे ठाऊक असते. निदान ठाऊक आहे असे त्याला वाटते. तुळशीपुढची पणती तुळशीसाठी, उंबऱ्यावरची लक्ष्मीसाठी, आणि कार्तिकात उंच काठीला टांगलेला आकाशदिवा पितरांसाठी, असा आपला सरळ हिशेब असतो. उजेडाला मात्र हा हिशेब कळत नाही. लक्ष्मीसाठी ठेवलेल्या पणतीचा उजेड उंबरा ओलांडून रस्त्यावर जातो, आणि तेथून अनवाणी चाललेल्या कोणा वाटसरूला वाटेतला दगड दाखवितो. घरमालकिणीच्या मनात तो वाटसरू नव्हता. त्या वाटसरूच्याही मनात ती मालकीण येत नाही. ठेच चुकते एवढे खरे.

आता प्रश्न असा, की या वाटसरूने कोणाचे काही देणे लागते काय? ज्याने आपल्याला द्यावे म्हणून दिले नाही त्याचे आभार मानायचे की नाही? आणि हा प्रश्न जर कोणाला सणासुदीच्या गप्पांपुरता, हलकासा वाटला, तर त्याच्याच पोटात दडलेला दुसरा प्रश्न पाहा. ज्याने आपले वाईट व्हावे म्हणून काही केले नाही, पण ज्याच्या करण्याने आपले वाईट झाले, त्याला जाब विचारायचा की नाही? "आमच्या मनात तसे नव्हते" हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो, आणि किती वेळा बोलतो! चांगल्याच्या बाबतीत ते विनय ठरते आणि वाईटाच्या बाबतीत ढाल. एकच वाक्य दोन्हीकडे चालते, म्हणजे ते कोठेतरी तपासून पाहिले पाहिजे.

तपासण्यासाठी मी एक उदाहरण घेतो. ते जरा दूरचे आहे. म्हणजे सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरचे.

इरिडियम नावाच्या कंपनीने ५ मे १९९७ पासून आकाशात उपग्रह सोडायला सुरुवात केली. जगाच्या पाठीवर कोठूनही, समुद्रातून किंवा वाळवंटातून, टेलिफोन करता यावा ही त्यामागची योजना. पहिल्या आराखड्यात ७७ उपग्रह होते, म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या धातूचे नाव कंपनीला दिले. पुढे ६६ पुरतील असे ठरले, पण नाव तेच राहिले. या धातूच्या नावामागे ग्रीक पुराणातली इंद्रधनुष्याची देवता आहे, हा योगायोग पुढच्या गोष्टीला शोभून दिसतो. प्रत्येक उपग्रहाला तीन मोठे चपटे अँटेना होते. आकार साधारण आपल्या घराच्या दाराएवढा. त्यांवर चांदीचा थर दिलेले टेफ्लॉन चढविलेले, हेतू एवढाच की उन्हाने ते फार तापू नयेत. म्हणजे झाले काय, की कोणाच्या ध्यानीमनी नसता दोनशेच्या आसपास आरसे आकाशात जाऊन बसले.

आरसा आणि ऊन एकत्र आले की काय होते ते आमच्या शाळेतल्या कोणत्याही पोराला विचारावे. तास चालू असता खिडकीतून आलेले ऊन खिशातल्या आरशावर घेऊन फळ्यावर, भिंतीवर, आणि गुरुजींची पाठ वळली की त्यांच्या टोपीवर कवडसा पाडण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. इरिडियमचे आरसे हेच करीत. खाली आपल्याकडे अंधार पडलेला, पण वर उपग्रहावर अजून ऊन आहे, अशा वेळी, म्हणजे सूर्य मावळल्यावर तासदोन तास किंवा पहाटे उजाडण्यापूर्वी, एखादा अँटेना नेमक्या कोनात आला की सूर्याचा कवडसा पृथ्वीवर पडे. सूर्याचे बिंब आकाशात अर्ध्या अंशाचे दिसते. त्यामुळे हा कवडसा जमिनीवर पोचेपर्यंत सातआठ किलोमीटर, उपग्रह तिरपा असला तर आणखी थोडा, रुंद होई, आणि उपग्रहाबरोबर धावत जाई. जो त्या पट्ट्यात उभा असेल त्याला दिसे ते असे: आकाशात एक फिकट ठिपका सरकतो आहे, तो मोठा होऊ लागतो, शुक्राला मागे टाकतो, ऐन भरात शुक्राच्या वीसपंचवीस पट तेजाळतो आणि पुन्हा विझत जातो. सारा खेळ दहावीस सेकंदांचा.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मुलांना मराठी शिकवावे आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहाव्या एवढीच माझी धाव. पण आमची धसई मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याला आहे, पूर्वेकडे डोंगराची भिंत आहे, आणि दिवे मालवले की आकाश अजून बऱ्यापैकी काळे होते. २०१६ च्या डिसेंबरात रोकडीवाचून व्यवहार करणारे गाव म्हणून वर्तमानपत्रांनी आमचे नाव छापले, त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही काही मंडळी हे बिनपैशाचे कवडसे पाहत होतो. गणित करणाऱ्यांनी त्यांची वेळ सेकंदापर्यंत बांधून दिली होती. अमुक दिशेला, अमुक उंचीवर, सात वाजून बारा मिनिटे आणि इतके सेकंद. पोरे पटांगणात उभी राहून मोठ्याने सेकंद मोजीत, आणि अंक संपायला आणि दिवा पेटायला एकच गाठ पडे. धसईत भरझोतात दिसलेला कवडसा मुरबाडच्या बाजारात फिका दिसावा आणि शहापुरात दिसूच नये, असेही होई. त्यामुळे तो आपल्याच गावासाठी पाठविलेला आहे असे मुलांना वाटे. तो कोणासाठीच पाठविलेला नव्हता, हे त्यांना सांगावे की नाही या विचारात मी नेहमी पडत असे.

निरभ्र रात्रीपेक्षा मला पातळ ढगाची रात्र अधिक आवडे, हे ऐकून आकाश पाहणारे लोक हसतील. पाऊस सरल्यावर आश्विन-कार्तिकात कधी कधी आठदहा किलोमीटर उंचीवर बर्फाच्या बारीक कणांचा विरळ ढग पसरतो. अंधारात तो डोळ्यांना दिसत नाही. बारके तारे नाहीसे झाले यावरून त्याचा अदमास करायचा. अशा रात्री कवडसा आला की आधी काहीच दिसत नसे. मग ढगामागे मोत्याच्या रंगाचा डाग उमटे, पसरे, त्याच्या कडेला किंचित तांबूस झाक येई, चंद्राला खळे पडते त्याची जणू धाकटी बहीण. आणि त्या दहा सेकंदांत तो ढगच दिसू लागे. त्याची वीण, त्याचे विसविशीत काठ, जाळीदार विरलेली जागा. तेज ढगात सांडून कमी होई खरे, पण जो ढग संध्याकाळपासून आमच्या डोक्यावर असून आम्हांला ठाऊक नव्हता तो त्या उजेडाने दाखविला. ढगाच्या मागे गेलेला उपग्रह, उपग्रहावर पडलेले ऊन, आणि खाली मान वर केलेली पोरे, यांतल्या कोणीही हे घडवून आणायचे ठरविले नव्हते.

आता आपला पहिला प्रश्न. या देखाव्याबद्दल आभार कोणाचे? कंपनीचे म्हणावे, तर तिने हा देखावा विकला नाही, दिलाही नाही. तिला तो नकोच होता. रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्यांना या उजेडाचा त्रासच होई. कंपनीचा मूळ धंदासुद्धा धड चालला नाही. १ नोव्हेंबर १९९८ ला टेलिफोन सुरू झाले आणि १३ ऑगस्ट १९९९ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. सारे उपग्रह खाली पाडून जाळून टाकावे असेही एकदा ठरत आले होते. नव्या मालकांनी २००० साली ते वाचविले. म्हणजे आमच्या पोरांनी सेकंद मोजावे यासाठी जे वाचले ते कोणा व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्याच्या आकड्यामुळे. अशा ठिकाणी आभार हा शब्दच चुकल्यासारखा वाटतो.

याच्या उलट, द्यायच्या हेतूने दिलेल्या उजेडाची काय गत झाली तेही पाहण्यासारखे आहे. रशियाने ४ फेब्रुवारी १९९३ ला वीस मीटर व्यासाचा पातळ आरसा अंतराळात उलगडला. रात्रीच्या बाजूला मुद्दाम सूर्यप्रकाश पाडावा, उत्तरेकडच्या काळोख्या प्रदेशांना उजेड द्यावा, असा त्यामागे उदात्त विचार होता. सुमारे पाच किलोमीटरांचा कवडसा युरोपवरून धावत गेला. पण खाली बराच भाग ढगांनी झाकलेला होता, आणि तो पाहणारे थोडेच निघाले. १९९९ मध्ये दुसरा, मोठा आरसा उलगडताना फसला आणि योजना तेथेच थांबली. पुढे २०१८ च्या जानेवारीत न्यूझीलंडमधून एका कंपनीने आरशांचा गोळाच वर सोडला. साऱ्या मानवजातीने वर पाहावे आणि आपण सारे एका पृथ्वीवर राहतो हे आठवावे, हा त्याचा जाहीर हेतू. खगोलशास्त्रज्ञ चिडले, आकाश ही काय जाहिरातीची पाटी आहे, असे त्यांनी विचारले. दोन महिन्यांत तो गोळा जळूनही गेला. नको असताना पडलेला कवडसा वीस वर्षे लोकांनी हौसेने पाहिला, आणि सर्वांसाठी म्हणून पाठविलेल्या उजेडावर राग निघाला! चांगल्या हेतूने दिले म्हणजे घेणाऱ्याला ते गोड लागतेच असे नाही, एवढे तरी यावरून कळते.

पण मग हेतूला काहीच किंमत नाही काय? येथे मला आकाशातून खाली, आमच्या तालुक्यातल्या एका भातगिरणीपाशी यावे लागते.

या गिरणीच्या दारावर खांबाला एक मोठा दिवा होता. समोरच्या वाडीत वीज मध्येच जाई. गिरणीचा दिवा मात्र जनित्रावर चाले. त्या दिव्याखाली पायरीवर बसून एका मुलाने वर्षभर दहावीचा अभ्यास केला. निकाल लागला त्या दिवशी तो पेढे घेऊन गिरणीत गेला. मी तेव्हा तांदूळ न्यायला आलो होतो.

"शेठ, पेढे घ्या. पास झालो."

"वा रे वा! पण मला कशाला?"

"तुमच्या दिव्याखाली अभ्यास केला."

"माझ्या दिव्याखाली?" शेठ हसू लागले. "अरे, तो दिवा मी चोरांसाठी लावलाय!"

सारे हसले. शेठनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, बघा, पुण्य कसं आपोआप लागतं."

त्याच गिरणीच्या मागल्या बाजूला एक म्हातारी राहत असे. तिला दमा होता. गिरणीच्या धुराड्यातून तूस आणि कोंड्याची धूळ उडे ती वाळत घातलेल्या लुगड्यावर, पिण्याच्या हंड्यावर आणि तिच्या छातीत जाई. एक दिवस ती काठी टेकत आली.

"शेठ, तुमचा कोंडा माझ्या छातीत जातोय."

"मावशी, मी काय मुद्दाम उडवतो?"

म्हातारी खोकली आणि म्हणाली, "अरे बाबा, मुद्दाम उडवत असतास तर पंचांकडं गेले असते. मुद्दाम नाही, म्हणून तुझ्याकडं आले."

या म्हातारीने जे सांगितले त्याहून अधिक नीटपणे ही गोष्ट मला कोठे वाचायला मिळालेली नाही. शेठ म्हणाले, मनात नव्हते. म्हातारीने ते मान्य केले. तिने त्यांच्यावर पाप लादले नाही. परंतु ते मान्य करून ती एक पाऊल पुढे गेली: आजवर तुला ठाऊक नव्हते, आता मी सांगितले. आता उद्याचा कोंडा कोणाचा? कालपर्यंत उडालेला वाऱ्याचा, उद्या उडेल तो तुझा. अजाणतेपणा हा एकदाच वापरायचा आधार आहे; सांगितल्यावर तो संपतो. शेठनी दोनचार दिवस कुरकुर केली आणि मग धुराड्याच्या तोंडाला ओले गोणपाट बांधून घेतले, कोंडा भरायला गडी ठेवला. धूळ सगळी गेली नाही, पण म्हातारीचा हंडा स्वच्छ राहू लागला.

आणि दिव्याचे काय झाले? तेही ऐका. पुढच्या वर्षी शेठनी गिरणीला नवे दार पाडले, मागच्या बाजूला. दिवा तिकडे न्यायचा होता. चोर आता तिकडून येणार. पण पायरीवर त्या वर्षी तीन पोरे बसू लागली होती. शेठनी मागे दुसरा दिवा लावला आणि पुढला तसाच ठेवला. मार्चमध्ये परीक्षा झाल्यावर काढू म्हणाले. तो दिवा पुढे अनेक वर्षे तेथेच होता. पहिल्या वर्षीचे पुण्य आपोआप लागलेले होते, म्हणजे खरे पाहता ते शेठचे नव्हतेच. दुसऱ्या वर्षीचे मात्र खास त्यांचे. उजेड तोच, वीज तीच, पायरीही तीच. मध्ये फक्त एक पेढ्याचा पुडा आला आणि शेठना कळले.

म्हणून मला असे वाटते की हेतू आहे की नाही एवढेच विचारणे अपुरे आहे. कळले केव्हा, आणि कळल्यावर काय केले, हे विचारले पाहिजे. आपल्या हातून नकळत घडलेल्या चांगल्यावाईटाचे आपण धनी नसतो. पण ते कळल्यानंतर चालू ठेवले किंवा थांबविले, याचे धनी आपणच.

आकाशाचा व्यवहार याला धरून आहे की काय, ते पाहू. १९७२ साली राष्ट्राराष्ट्रांत एक करार झाला. अंतराळात सोडलेली वस्तू कोसळून जमिनीवर कोणाचे नुकसान झाले, तर ती सोडणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यावी. चूक झाली होती की नव्हती, मनात होते की नव्हते, हा प्रश्नच तेथे नाही. १९७८ मध्ये रशियाचा एक उपग्रह कॅनडात कोसळला, त्याबद्दल १९८१ मध्ये रशियाने तीस लाख कॅनडियन डॉलर दिले. आणि ही फार लांबची गोष्ट समजू नका. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारी उजेडाची रांग पाहिली. पाहणाऱ्यांना नवल वाटले. सणाच्या दिवशी आकाशात दिवाळी! त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक भलेमोठे कडे, सुमारे तीन मीटर व्यासाचे, मोकळ्या जागेत येऊन पडले. चिनी अग्निबाणाचा तो तुकडा असावा असे जाणकारांनी सांगितले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ज्यांनी दुरून पाहिले त्यांना तो देखावा, आणि ज्यांच्या गावात पडले त्यांना तो घाला. मनात कोणाच्याच काही नव्हते.

इरिडियमच्या कहाणीतही हा घाला आहेच. १० फेब्रुवारी २००९ ला तिचा एक चालू उपग्रह आणि रशियाचा एक बंद पडलेला उपग्रह सैबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले. दोन सबंध उपग्रहांची अशी टक्कर पूर्वी कधी झाली नव्हती. दोन हजारांवर तुकडे झाले आणि त्यांतले कित्येक अजून फिरत आहेत. आमच्या पोरांना कवडसा दाखविणाऱ्या भावंडांपैकीच तो एक.

याच कंपनीच्या निमित्ताने हेतूचा प्रश्न पुण्याच्या कोर्टातून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. भांडवल उभे करताना आपली दिशाभूल झाली अशी फिर्याद तिच्या भारतातल्या भागीदार कंपनीने लावली होती. बचावात एक मुद्दा असा आला, की कंपनीला माणसासारखे मन नाही; मन नाही तर गुन्ह्याचा हेतू कोठून येणार? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा मानला नाही. आरोप खरे की खोटे ते न्यायालयाने त्या वेळी ठरविले नाही. पण कंपनी चालविणाऱ्या माणसांचे जे मन ते कंपनीचे मन, असे सांगितले. आकाशात हजारो वस्तू फिरत असता हा निकाल मला मोठा दिलासा देणारा वाटतो. "आम्ही काय, यंत्र आहोत" असे म्हणून कोणाला सुटता येणार नाही.

आता इरिडियमचे जुने कवडसे संपले. जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या दोन वर्षांत नवे उपग्रह वर गेले, त्यांना ते आरशासारखे अँटेना नाहीत; जुने बहुतेक खाली आणून जाळले. काही बंद पडलेले वर गिरक्या घेत आहेत, ते क्वचित चमकतात, पण त्यांची वेळ कोणी बांधून देऊ शकत नाही. कवडसे बंद करावे असे कोणी ठरविले नाही. नवी बनावट निराळी निघाली, एवढेच. जसे नकळत आले तसे नकळत गेले. आमच्या शाळेतल्या पुढच्या तुकड्यांना ते दिसले नाहीत म्हणून मी कोणाकडे दाद मागणार? जे कबूल केलेले नव्हते ते मोडल्याची तक्रार करता येत नाही. हळहळ मात्र वाटते, आणि हळहळीला कोणाची परवानगी लागत नाही.

त्यांची जागा आता दुसऱ्यांनी घेतली आहे. २४ मे २०१९ ला एका अमेरिकन कंपनीने एकाच वेळी साठ उपग्रह सोडले. आज तिचे हजारो आहेत. नुकतीच वर गेलेली त्यांची माळ आगगाडीच्या डब्यांसारखी जाताना आमच्या गावातूनही दिसली, आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या पिटणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. पण दुर्बिणीतून दूरच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांच्या कागदावर या माळेच्या रेघा उमटतात, आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात ओरड केली. तेव्हा कंपनीने २०२० मध्ये एका उपग्रहाला काळा लेप देऊन पाहिला, मग उन्हाआड धरणाऱ्या झडपा लावल्या. गिरणीच्या धुराड्याला बांधलेले ते ओले गोणपाटच म्हणायचे! ते पुरेसे आहे की नाही याचा वाद चालू आहे. पण "आमच्या मनात नव्हते" या वाक्याचा काळ तेथे संपला, हे निश्चित. सांगणारे सांगून गेले आहेत.

आमच्या तालुक्याच्या पूर्व अंगाला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेत, आणि ती टाकण्यासाठी ठेवलेला दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर आहे असे सांगतात. वाट सर्वांची असली तरी ती वापरणाऱ्याने काही ठेवून जावे, ही समज त्या रांजणात आहे. १९६७ च्या करारात आकाशापलीकडची वाट सर्वांना मोकळी, कोणा एका राष्ट्राची नव्हे, असे लिहिले. ते योग्यच झाले. पण त्या वाटेवर रांजण काही कोणी ठेवला नाही. ज्यांची वाट आहे त्यांत धसईची पोरे आहेत, लाडबोरीचे लोक आहेत आणि ताऱ्यांचा अभ्यास करणारेही आहेत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

राहिला आपला पहिला प्रश्न, आभाराचा. हेतू नसता मिळालेल्या उजेडाचे देणे लागते काय? देणाऱ्याचे लागत नाही, असे मी म्हणेन. पण त्या मुलाने पेढे नेले हे चुकीचे होते काय? मुळीच नाही. त्याने पेढे नेले नसते तर शेठना आपल्या दिव्याखाली काय चालते हे कधीच कळले नसते, आणि पुढच्या वर्षी तो दिवा मागच्या दाराला गेला असता. कृतज्ञता ही परतफेड नसली तरी ती बातमी आहे. तुमच्या उजेडाने येथे एवढे झाले, असे सांगणारी बातमी. म्हातारीची तक्रार हीसुद्धा तशीच बातमी होती. दोघांनी मिळून एका साध्या गिरणीवाल्याला जाणता माणूस केला. एकाने पेढा देऊन, एकीने खोकून.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या दारातला कंदील जेथवर उजेड टाकतो तेथवर एकदा चालत जाऊन पाहा. तेथे कोणी बसले आहे काय, कोणाला त्या उजेडाचा उपयोग होतो काय? आणि तुमच्या फटाक्यांचा धूर कोणत्या खिडकीत जातो, त्या खिडकीआड तान्हे मूल आहे की दम्याचा म्हातारा, हेही त्याच फेरीत पाहून या. तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला ठाऊक आहे. बहुतेकांच्या मनात नसतेच. त्या घरी फराळाचे ताट पाठवायचे असेल तर स्वतः घेऊन जा, आणि जरा वेळ बसा. जे सांगायचे असेल ते लोक ताट रिकामे करता करता सांगतात.